अलिबागची आय

धरमतरच्या खाडीकाठी भालखार नावाचं गाव. बांधाच्या आत भातखाचरं, बांधाबाहेर मिठागरं, आणि मधल्या उंचवट्यावर चाळीसेक घरं. तिथल्या काळूरामची बायको केसर. सत्तावन्न साली तिचं वय असेल बावीस-तेवीस. हाताला उरक असा, की लावणीच्या वेळी तिच्या शेजारच्या ओळीत उभं राहायला बायका नको म्हणत. कडेला अडीच वर्षांची रंगू. नुकतीच अंगावरून तुटलेली, पण झोपताना आईच्या दोन गुडघ्यांमध्ये पाय खुपसल्याशिवाय डोळा न मिटणारी.

दिवाळीनंतर केसरला खोकला लागला. मिठाच्या पाट्या वाहताना तिला दम लागे, संध्याकाळी अंग कसकसे. पौषात एकदा पदराला रक्त लागलं. तिनं तो पदर खाडीच्या पाण्यात धुतला आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण थोरली जाऊ नीराबाई हिच्या नजरेतून ते सुटलं नाही. नीराबाईचा नवरा सदा मुंबईला गोदीत कामाला. सणाला येई, सणानंतर जाई. मूलबाळ नव्हतं. घरात चूल एकच, आणि त्या चुलीपाशी बसून नीराबाईनं काळूरामला सांगितलं, "भावजी, हिला बाजारच्या दवाखान्यात दाखवा. ह्यो साधा खोकला न्हाय."

बाजारच्या गावात त्या साली क्षयाच्या रोग्यांसाठी एक तपासणी-केंद्र निघालं होतं. तिथं डॉक्टर होत्या श्यामलाबाई. चौलच्या बागायतदार घरातली मुलगी, मुंबईला शिकलेली. रोगी तपासायच्या, औषध द्यायच्या, पण त्यापलीकडं एका प्रश्नाचा छडा लावायला त्या आल्या होत्या. तोवरची रीत अशी की क्षय झाला की माणसाला वर्ष-वर्ष इस्पितळात ठेवायचं. इस्पितळात खाटा मोजक्या, रोगी गावोगाव. आता नव्या गोळ्या निघाल्या होत्या. त्या गोळ्या घरी राहून घेतल्या तरी माणूस तितकाच बरा होतो का? आणि घरातल्या पोराबाळांना लागण होते का? हे कुणीच नीट पाहिलेलं नव्हतं.

थुंकी तपासून झाली, छातीचा फोटो झाला. मग श्यामलाबाईंनी काळूरामला आणि केसरला समोर बसवलं.

"केसरबाई, तुम्हाला क्षय आहे. वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतील. निम्मे रोगी आम्ही अलिबागच्या बाजूला इस्पितळात ठेवणार आहोत, निम्मे घरी. औषध दोघांना सारखंच. वर्षानं बघायचं, कोण किती बरं झालं."

"बाई, मना घरीच ऱ्हावू दे. घरी ऱ्हाऊन बरी होईन ना मी?"

"ते मला ठाऊक नाही."

शिकलेल्या माणसाच्या तोंडून असं उत्तर केसरनं पहिल्यांदा ऐकलं. ती काळूरामकडं बघू लागली.

"खरंच ठाऊक नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "म्हणून तर हे चाललंय. कुणी कुठं जायचं ते या लिफाफ्यांत आहे. आत काय आहे ते मलाही माहीत नाही. मी निवडायला लागले, तर ज्याची दया येईल त्याला घरी ठेवीन, आणि मग निघालेला निकाल खोटा असेल. नको वाटत असेल तर आत्ताच सांगा. नेहमीच्या दवाखान्यात इलाज होईल. पण तिथं या गोळ्या वर्षभर मिळतील असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

काळूराम म्हणाला, "आमी तयार हाव."

लिफाफे आकड्यांनी लावलेले होते. जो रोगी येईल त्याला पुढचा. केसरच्या आधी खाडीपलीकडची काशी बसली होती, दादूची बायको, मांडीवर पाच महिन्यांचं पोर. वास्तविक केसर तिच्या आधी पोचायची. पण वाटेत रंगूला तहान लागली म्हणून ती विहिरीवर थांबली, आणि तेवढ्यात काशी रांगेत पुढं झाली. काशीच्या लिफाफ्यातून 'घर' निघालं. केसरच्या लिफाफ्यातून 'इस्पितळ'.

काशीनं पोर छातीशी धरलं आणि हसली. केसरला तिचा राग आला. त्या रागाची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली, आणि तरीही तो गेला नाही.

अलिबागला जायच्या दिवशी केसरनं रंगूला नीराबाईच्या कडेवर दिलं. "दूध कोमट दे. लई गरम प्यात न्हाय ती," एवढंच तिला बोलता आलं. खोकल्याच्या भीतीनं तिनं पोरीचा मुकाही घेतला नाही.

इस्पितळ सुरूच्या बनाआड होतं. समुद्राचा आवाज येई, समुद्र दिसत नसे. बायकांच्या खोलीत वीस खाटा. सकाळी दूध, अंडं. दुपारी सक्तीची झोप. गोळ्या चहाच्या बशीत येत, मूठभर. त्यातल्या मोठ्या गोळ्यांनी पोटात ढवळून निघे. पण नर्स समोर उभी राही, आणि शेवटची गोळी गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत हलत नसे. जन्मात केसरला कुणी बसून खायला घातलं नव्हतं. इथं तिला काहीच करायचं नव्हतं, आणि तेच तिला झेपेना. तिचे हात सारखे काही ना काही शोधत. ती चादरी घडी करी, दुसऱ्यांची लुगडी वाळत घाली. मग नर्स रागावे.

ती खाटेच्या कडेला झोपे. भिंतीकडची बाजू मोकळी ठेवी. "मधे सरक, पडशील एखाद दिवशी," नर्स म्हणे. केसर मधे सरके, आणि डोळा लागला की पुन्हा कडेला येई.

दोन महिन्यांत खोकला थांबला. ताप गेला, अंग भरलं. आजारी होती तोवर इस्पितळात राहण्याला काही अर्थ तरी वाटत होता. आता अंगात ताकद आली आणि दिवस आणखी लांब झाले. "मी बरी झालू, मना सोडा," ती दर आठवड्याला म्हणे. श्यामलाबाई महिन्यातून एकदा येत. त्या सांगत, "बरं वाटणं आणि बरं होणं वेगळं, केसरबाई. आत्ता सोडलं तर परत उलटेल. वर्ष पुरं करायचं."

तिला घरची खबर मिळे ती धर्माजीकडून. धर्माजी केंद्राचा माणूस. सायकलवरून बांधाबांधानं गावोगाव फिरे, घरी राहिलेल्या रोग्यांच्या गोळ्या मोजी, घरातल्या पोरांना तपासणीला आणी, सगळं कार्डावर लिही. कार्ड द्यायला इस्पितळात आला की केसर त्याला गाठी.

"धर्माजीबुवा, माझी रंगू?"

"बरी आहे. छातीचा फोटो साफ. वजन वाढलंय."

"बोलते का?"

"बोलते की. मला पाहून पळाली."

"काय बोलली?"

धर्माजीला ते आठवत नसे. त्याच्या कार्डावर वजन असे, फोटो असे, ताप असे. पोर काय बोलली याला कार्डावर जागा नव्हती. केसर मात्र एवढ्याशा खबरीवर पुढचा महिना काढी. पळाली म्हणजे कशी पळाली असेल? दुडूदुडू, की आता पाय ठरले असतील?

वैशाखात काळूराम आणि नीराबाई रंगूला घेऊन आले. लहान मुलांना आत सोडत नसत. भेटायला येणाऱ्यांनी कुंपणापाशी उभं राहायचं, रोग्यांनी ओसरीवर. मधे वीस-पंचवीस पावलांचं अंतर. त्या दिवशी आणखी चार-पाच जणींचे लोक आले होते. सगळ्या ओसरीवर रांगेनं उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या अंगावर इस्पितळाची तीच पांढरी लुगडी.

नीराबाईनं रंगूला उंच धरलं. "ती बघ तुझी आय! हात कर!"

रंगूनं पाहिलं. आणि रांगेतल्या तिसऱ्याच बाईला हात केला.

ती बाई पेणकडची होती. तिनं गोंधळून केसरकडं पाहिलं, मग केसरचं तोंड बघून तिनंही हळूच हात हलवला, पोरीचं मन मोडू नये म्हणून. केसरनं हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक मारली असती तर पोरीला कळलं असतं की आपण चुकलो. आणि मग ती भेदरली असती. केसरनं हात पदराखालीच ठेवला. काळूराम खाली मान घालून सुरूच्या काड्या पायानं इकडंतिकडं करत राहिला.

वर्ष संपलं. थुंकी साफ, फोटो साफ. एकोणसाठच्या फाल्गुनात काळूराम तिला घेऊन आला. घराच्या ओट्यावर नीराबाई तांदूळ पाखडत होती, शेजारी रंगू.

"कोन आलं बघ," नीराबाई म्हणाली.

रंगूनं नीट न्याहाळून पाहिलं. नीराबाईनं तिला वर्षभर शिकवलं होतं, आपली आय अलिबागला हाय, ती बरी होऊन येनार हाय. ते तिनं पक्कं ध्यानात ठेवलं होतं. ती मोठ्यानं म्हणाली, "अलिबागची आय!" आणि उठून नीराबाईच्या मागं गेली.

नीराबाईला ती आधी 'मोठी आय' म्हणे. कधीतरी त्यातलं 'मोठी' गळलं होतं. आता आय म्हणजे नीराबाई, आणि केसर अलिबागची आय. अलिबागहून परत आली, घरात राहू लागली, तिच्या हातचं जेवू लागली, तरी नाव तेच राहिलं.

पहिल्या आठवड्यात केसरनं रंगूला आपल्याजवळ झोपायला घेतलं. पोरीनं श्वास कोंडेपर्यंत आक्रोश केला. केसरनं स्वतः उठून तिला नीराबाईच्या अंथरुणात नेऊन ठेवलं. नीराबाई उठून बसली. "तुझीच हाय गो. चार दिवस रडंल, मंग ऱ्हाईल. घे." तिनं म्हटलं खरं, पण म्हणताना तिनं रंगूचं मनगट सोडलं नव्हतं. केसरला ते दिसलं. वर्षभर जिनं पोर सांभाळली, तिच्या हातातून ती ओढून घ्यायची, म्हणजे आपल्यावर जे आलं ते तिच्यावर आणायचं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मग तिनं दुसरंच आरंभलं. रंगूचं जे वर्ष तिला दिसलं नव्हतं ते ती गावात विचारत फिरू लागली. नीराबाईबरोबर भात कांडताना विचारी, "पयला दात कवा पडला?" नीराबाई हसे, "येडी का काय, येवढ्यात दात पडतंत?" मग नीराबाई आठवून आठवून सांगे. गौरीच्या दिवशी शेवग्याच्या झाडाखाली पडली, कपाळाला खोक पडली, ही खूण. मिठाच्या ढिगाला चाटून बघितलं नि दिवसभर पानी पीत बसली. शेजारचा म्हातारा सांगे, ती मला 'ए बुवा' म्हनायची. मिठागरावरच्या बायका आणखी काही सांगत. एकच गोष्ट दोघी वेगवेगळ्या सांगत, तेव्हा केसर दोन्ही ठेवून घेई. पण ऐकून ठेवलेलं ते ऐकलेलंच. मिठागरात बसून ती ते सगळं ओळीनं मनात लावी, आणि मधे कितीतरी दिवस कोरे राहत.

त्याच उन्हाळ्यात एकदा ती होडीनं पलीकडं गेली. काशीला बघायला. घरी राहिलेल्या बाईचं वर्ष कसं गेलं ते तिला बघायचं होतं.

काशी नव्हती. भादव्यात गेली होती. दादूची म्हातारी आई ओट्यावर पोराला भात भरवत होती. ती म्हणाली, "दोन महिन्यांत बरी झाली व्हती. मंग गोळ्यांनी मळमळायची, दूध आटलं म्हनायची. धर्माजी मोजाया आला की डबा बरोबर रिकामा. मेल्यावर आमी कणगी उपसली, तं तळाला गोळ्याच गोळ्या. पोरासाठी सोडल्या तिनं."

केसर होडीत परत बसली तेव्हा तिला वर्षभर जिचा हेवा केला त्या बाईचं हसणं आठवलं. तिनं पाण्यात हात घातला आणि पलीकडचा धक्का येईतोवर तसाच ठेवला.

साठ साल संपता संपता श्यामलाबाई भालखारला आल्या. भात कापून झालं होतं. उन्हातून छत्री धरून बांधावरून चालत आल्या, ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या. इतक्या दिवसांत निकाल लागला होता. ज्यांनी त्यासाठी वर्ष दिलं त्यांना तो आपण जाऊन सांगायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"केसरबाई, घरी राहिलेले आणि इस्पितळात राहिलेले, जवळजवळ सारखेच बरे झाले. शंभरात एकदोघांचा फरक. घरी राहिलेल्या आयांच्या पोरांनाही जास्त लागण झाली नाही."

केसर तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे मी घरी ऱ्हायले असते तरी चाललं असतं."

"हो," श्यामलाबाई म्हणाल्या. मग मान हलवली. "नाही, थांबा. असं म्हणणं खरं होणार नाही. तुमच्यासारख्या शंभर बायका घरी राहिल्या असत्या, तर बहुतेक सगळ्या बऱ्या झाल्या असत्या. पण त्यातल्या तुम्ही कोण असता, ते मला सांगता येत नाही. कुणालाच नाही येणार."

"काशीवानी बी झालं असतं."

"झालं असतं. नसतंही झालं."

"मंग माझं वरीस कशात धरायचं, बाई?"

श्यामलाबाई म्हणाल्या, "यापुढं आम्ही लेकुरवाळीला घराबाहेर नेणार नाही. तुम्ही, आणि तुमच्यासारख्या ज्या इस्पितळात राहिल्या, त्या नसत्या तर घरच्यांशी ताडून बघायला आमच्याकडं काही नसतं. तुमच्या वर्षानं हे कळलं. पण त्यानं तुमचं वर्ष परत येत नाही, हे मलाही कळतं."

अंगणात रंगू लगोऱ्या रचत होती. साडेपाच वर्षांची. तिनं ओट्याकडं पाहून हाक मारली, "आये, पानी!" केसर आणि नीराबाई दोघींनी वर पाहिलं. नीराबाई उठली.

श्यामलाबाई गेल्यावर केसर मिठागरावर गेली नाही. काळूरामनं विचारलं, "काय म्हनत व्हती डाक्टरीन?" तर ती म्हणाली, "सगळं ठीक हाय म्हनली," आणि दार लोटून दिवसभर आत बसून राहिली.

आठ दिवसांनी ती एकटी चालत बाजारच्या केंद्रावर गेली. श्यामलाबाई रोगी तपासत होत्या. केसर दारातच उभी राहून बोलली.

"बाई, घरी ठेवा बायांना. पन गोळ्यांचा डबा हातात देऊन जाऊ नका. काशीचं तसंच झालं. इस्पितळात नर्स समोर उभी ऱ्हायची, म्हून मी गिळल्या. न्हाय तं मीबी कणगीत टाकल्या असत्या. घरी कुनीतरी समोर पायजे."

"रोज? गावोगाव? एवढी माणसं कुठून आणू?"

"मी जाईन. माझ्या बाजूची पाच गावं मी चालंन."

श्यामलाबाईंना वरून परवानगी आणायला पावसाळा उजाडला. एकसष्टच्या भाताच्या लावणीनंतर केसर फिरू लागली. त्याआधी तिला मुलगा झाला होता. त्याला झोळीत घालून ती न्यायची. तो पहिल्या दिवसापासून तिचाच होता. त्याचा पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. लोक म्हणत, आता केसरचं मन भरलं असेल. तिचं त्या पोरावर मन भरलेलंच होतं. पण जे उणं होतं ते त्यानं भरून निघालं नाही. तो त्याच्या जागी, आणि ते वर्ष त्याच्या जागी.

पुढची पाच-सहा वर्षं ती तशी चालली. तिच्या पाच गावांतून एकही रोगी मधेच सुटला नाही. कुणी गोळी जिभेखाली दडवली तर तिला चेहऱ्यावरून कळे. मळमळणाऱ्यांना ती भाताच्या पेजेबरोबर गोळ्या द्यायची, एकदम नाही, तिथंच बसून चार घासांबरोबर वाटून. इस्पितळात तिनं हे स्वतःवर ताडून पाहिलं होतं. धर्माजी ते कार्डावर लिहून घेई.

रंगू मोठी होत होती. केसरशी गोडीनं वागे, तिचं ऐके, डोक्याला तेल लावून घ्यायला तिच्यापुढं बसे. दहा वर्षांची असताना तिनं एकदा तेल लावून घेतानाच विचारलं, "तू मना सोडून अलिबागला कशापायी गेली व्हतीस?"

केसरनं सगळं सांगितलं. लिफाफा, काशी, सुरूचं बन. कुंपणापाशी तिनं भलतीलाच हात केला ते सोडून सगळं. रंगूनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मना कायच आठवत न्हाय."

"तुना कसं आठवंल," केसर म्हणाली, आणि वेणी घालत राहिली.

तिच्या फेरीतल्या एका गावात एक कोवळी बाई होती, मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. गोळ्या गिळून होत, तोंड उघडून दाखवून होई, तरी केसर लगेच उठत नसे. भिंतीला टेकून बसे आणि विचारी, "आज पोर काय बोलली?" त्या बाईला नवल वाटे. रोजचंच काय सांगायचं? मग ती आठवून एखादी गोष्ट सांगे, मांजराला काय म्हणाली, बापाला काय म्हणाली. केसर मन लावून ऐके. "सांगून ठेव कुनालातरी," ती म्हणे. "इसरून जाशील." आणि पुढच्या गावच्या गोळ्या कमरेला बांधून ती बांधाला लागे.